पिकअपच्या पोटातला ‘ठक्’

बाजार समितीच्या दारात कांद्याच्या गोण्यांनी भरलेली पिकअप उभी असते. चालक पहिला गिअर टाकून क्लच सोडतो आणि गाडी हलण्याआधीच खालून ‘ठक्’ असा लोखंडी आवाज येतो. पुढे वाहतुकीत ॲक्सिलरेटर सोडला की एकदा, पुन्हा दाबला की एकदा. रिव्हर्स टाकताना तर सर्वांत जोरात. गॅरेजमध्ये नेल्यावर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते, ‘क्रॉस गेला’. पुष्कळदा ते बरोबरही असते. पण क्रॉस बदलून पैसे मोजल्यावरही आवाज तसाच राहिला, असे सांगणारे चालक कमी नाहीत. हा आवाज एकाच भागाचा नसतो, हे लक्षात घेतले नाही की असे होते.

बोलेरो पिकअप किंवा टाटा योद्धासारख्या गाड्यांत इंजिन पुढे आणि ओढणारी चाके मागे असतात. इंजिनाची ताकद क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, त्याच्या सांध्यांतले क्रॉस, मागच्या हौसिंगमधले क्राऊन-पिनियन आणि शेवटी ॲक्सल असा प्रवास करत चाकापर्यंत पोहोचते. या वाटेवर जिथे जिथे दात दातात बसतो, तिथे थोडी फट मुद्दाम ठेवलेली असते. ती नसेल तर तेलाचा थर मावणार नाही आणि तापून फुगलेले गिअर एकमेकांत अडकतील. क्राऊन-पिनियनच्या दातांमधली ही फट साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर असते. मेकॅनिक तिला ‘प्ले’ म्हणतात. मालगाडी सुटताना डब्यांच्या कपलिंगमधली ढील एकामागून एक संपत जाते, तसेच इथे घडते. फरक एवढाच, की इथल्या सगळ्या फटी क्षणार्धात मिटतात आणि कानाला एकच ठोका ऐकू येतो.

तो ठोका इतका मोठा का? फट मिटेपर्यंत इंजिनाकडच्या भागांना काहीच विरोध नसतो, त्यामुळे ते मोकळेपणी वेग घेतात. फट जितकी रुंद, तितका आदळण्याच्या क्षणीचा वेग जास्त. आणि धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यात पहिल्या गिअरचे गुणोत्तर चारच्या आसपास धरले, तर इंजिनाने दिलेला २०० न्यूटन-मीटरचा पीळ शाफ्टवर ८०० होतो. रिव्हर्समध्येही जवळपास तेवढाच, शिवाय उलट दिशेने. म्हणून आधी ज्या बाजूला सगळे दात टेकलेले होते, तिथून पूर्ण फट ओलांडून ते दुसऱ्या बाजूला जाऊन आदळतात. टॉप गिअरमध्ये हाच दोष बऱ्याच वेळा जाणवतही नाही.

आता क्रॉसकडे वळू, कारण संशयाची सुई सर्वांत आधी तिथेच जाते आणि ते अन्यायाचे नाही. रस्त्यातल्या खड्ड्यांनी मागचे हौसिंग सतत वरखाली होते, गिअरबॉक्स मात्र जागेवर असतो. कोन बदलत असतानाही फिरणे चालू ठेवणारा हा सांधा मोटारीपेक्षा खूप जुना. इटलीच्या कार्डानोचे नाव त्याला चिकटले. इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने १६७६ मध्ये सूर्यनिरीक्षणाच्या उपकरणांवरच्या पुस्तकात त्याचे वर्णन केले. तो मोटारीत नीट बसवण्याचे श्रेय क्लॅरेन्स स्पायसर या अमेरिकी अभियंत्याकडे जाते. कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना त्याने केलेल्या रचनेला १९०३ मध्ये पेटंट मिळाले.

क्रॉसच्या चार टोकांवर चार कप असतात आणि प्रत्येक कपात सुईसारख्या बारीक रोलरांची रांग. गंमत अशी, की हे रोलर साध्या बेअरिंगसारखे गोल गोल फिरत नाहीत. शाफ्टच्या दर फेरीला ते काही अंश पुढे जातात आणि परत येतात. सगळा भार त्याच त्या रेषांवर पडतो. ग्रीस तिथून ढकलले जाते आणि नवे पोहोचले नाही तर लोखंड लोखंडावर घासते. मग क्रॉसच्या गुळगुळीत टोकावर सुयांच्या जाडीचे समांतर चर पडतात. त्याची आगाऊ सूचनाही मिळते: कमी वेगात चालताना ‘चिर्र चिर्र’ असा, शाफ्टच्या फेरीबरोबर जलद होणारा आवाज, आणि कपाच्या कडेला तांबूस-तपकिरी भुकटी. ती भुकटी म्हणजे घासलेल्या पोलादाचा गंज. पावसाळ्यात पाण्यातून गेलेल्या गाड्यांत ती लवकर दिसते.

निदान करताना आवाज कुठून येतो यापेक्षा तो केव्हा येतो, हे विचारणे मला जास्त महत्त्वाचे वाटते. शाफ्ट ही पोकळ नळी. एका टोकाचा ठोका ती दुसऱ्या टोकापर्यंत तसाच नेते, त्यामुळे कान हमखास फसतो. ॲक्सिलरेटर सोडताना आणि दाबताना दोन्ही वेळा आवाज आला, तर वाटेवरच्या प्लेचा संशय घ्यावा. पण गाडी थांबल्यानंतर क्षणभराने, कुणी काही न करता ‘ठक्’ झाले, तर क्रॉसला हात लावण्याआधी शाफ्टचा सरकता सांधा तपासावा. ब्रेक लागताना गाडीचे नाक दबते, मागची बाजू उचलते आणि शाफ्टची लांबी थोडी बदलते. थांबल्यावर सगळे पूर्ववत होताना सांध्याच्या खाचा एकमेकींवर सरकायला हव्यात. त्या कोरड्या असतील तर अडकून राहतात आणि मग एकदम सुटतात. उपाय ग्रीस भरण्याइतका स्वस्त. खाचा झिजलेल्या असतील तर मात्र ग्रीसने काम भागत नाही.

तिसरी शक्यता मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांची, आणि माल वाहणाऱ्या गाड्यांत ती फार दुर्लक्षित राहते. चाके पुढे फिरतात तेव्हा हौसिंग उलट्या दिशेने वळू पाहते आणि पिनियनचे तोंड वर उचलते. त्याला जागेवर धरण्याचे काम पाट्यांचे आणि यू-बोल्टचे. बोल्ट ढिला असेल किंवा शॅकलचा बुश संपला असेल, तर अख्खे हौसिंग हलून आदळते. हा ठोका हुबेहूब क्रॉससारखाच वाटतो. यू-बोल्टच्या नटाशी घासून चकाकणारी रेघ किंवा गंजाचा ओघळ दिसला, की समजावे.

हाताने तपासायची पद्धत सोपी आहे. सपाट जागेवर चाकांना पुढून-मागून दगड लावा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल करा, इंजिन बंद ठेवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. शाफ्ट दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे फिरवा आणि नजर एका क्रॉसवर ठेवा. अलीकडची बाजू हलली पण पलीकडची लगेच हलली नाही, तर तो क्रॉस गेला. दोन्ही बाजू एकत्र हलून आवाज हौसिंगमधून आला, तर प्ले आतला आहे. तो थोडा असणारच. ॲक्सलच्या खाचांतला एक अंश क्राऊन-पिनियनच्या गुणोत्तरामुळे शाफ्टवर चार अंश दिसतो, त्यामुळे एवढ्यावरून हौसिंग उघडायची घाई नको. मग शाफ्ट वरखाली दाबून पाहा. दोन तुकड्यांच्या शाफ्टमध्ये सेंटर बेअरिंगचे रबर फाटलेले असेल, तर इथे कळते. पिनियनचे तोंडच हलत असेल, तर ते काम जाणत्या माणसाचे. पिनियनचा नट नुसता आवळून प्ले काढणारा मेकॅनिक बेअरिंगचे आयुष्य संपवतो.

क्रॉस बदलताना शाफ्ट उतरवण्याआधी दोन्ही फ्लँजवर खडूची किंवा पंचची खूण करायलाच हवी. एकटा क्रॉस दहा अंशांच्या कोनात फिरला, की पुढच्या शाफ्टचा वेग दर फेरीत दोनदा सुमारे दीड टक्का वाढतो आणि दोनदा तेवढाच घटतो. दुसरा क्रॉस हा चढउतार पुसून टाकतो, पण दोघांना धरणारे योक एका रेषेत असतील तरच. सरकता सांधा एक दात जरी चुकून बसला, तरी आवाज जाऊन थरथर येते. कप हातोड्याने ठोकण्याऐवजी व्हाइसमध्ये दाबून बसवावेत. एक सुई आडवी पडली तर नवा क्रॉसही थोड्याच दिवसांत जातो. ग्रीस चारही कपांच्या सीलमधून बाहेर येईपर्यंत भरावे.

सुटायला आलेल्या क्रॉसवर गाडी पळवणे मात्र जिवावरचे आहे. ताशी ८० किलोमीटरला हा शाफ्ट मिनिटाला अडीच हजारांच्या आसपास फिरत असतो. त्या वेगात पुढचे टोक निखळून रस्त्यात रुतले, तर भरलेली गाडी सावरणे कठीण.

आणि क्रॉस बदलून घेतलात, तर जुना मागून घ्या. चारही टोके फडक्याने पुसून त्यांवरून नख फिरवा. चर हाताला लागले तर पैसे योग्य ठिकाणी गेले. टोके गुळगुळीत असतील, तर त्याच वेळी यू-बोल्ट, सरकता सांधा आणि सेंटर बेअरिंग तपासून घ्या. गाडी तशीच परत नेऊ नका.