गणिताची पेटी

पश्चिम रेल्वेवर पालघर आणि बोईसर ह्यांच्यामध्यें उमरोळी हें एकच स्टेशन आहे. तरीहि पालघरच्या संगणकावर सोडविलेलें गणित बोईसरच्या संगणकावर निराळें उत्तर देऊं शकतें. असें कां व्हावें?

तारापूर औद्योगिक वसाहतींतील सांडपाण्याच्या नमुन्यांचे आंकडे घेऊन, प्रक्रिया केलेलें पाणी मर्यादेंत राहील कीं नाहीं ह्याचें अनुमान करणारा प्रोग्राम कोणी पायथन भाषेंत लिहिला, असें समजावें. सर्वच गणित कोणी स्वतः लिहीत नाहीं. सायकिट-लर्नसारख्या तयार संग्रहाचें साहाय्य घेतलें जातें. त्यांतील ‘रँडम फॉरेस्ट’ ही रीत अनेक निर्णयवृक्षांचीं मतें घेऊन निकाल देते. वृक्षांची संख्या न सांगितल्यास पूर्वी १० वृक्ष धरले जात. २०१९ सालच्या ०.२२ ह्या आवृत्तीपासून १०० धरले जातात. म्हणजे प्रोग्रामचें एक अक्षरहि न बदलतां अनुमान बदलूं शकतें, आणि यंत्र कोणतीहि चूक दाखवीत नाहीं. दूषित पाणी निर्दोष ठरण्याचा धोका येथेंच आहे.

ह्यावरील उपाय म्हणजे डेव्हलपमेंट कंटेनर. १९५६ सालीं माल्कम मॅकलीन ह्यांनीं ‘आयडियल एक्स’ जहाजावरून ५८ पेट्या नेवार्कहून ह्यूस्टनला पाठविल्या. आंतील माल न उतरवितां पेटीच उचलावयाची, ही ती युक्ति. २०१३ सालीं आलेल्या डॉकरनें तशीच सोय प्रोग्रामांसाठीं सर्वांच्या आवांक्यांत आणली. पायथन, संग्रह व त्यांच्या ठराविक आवृत्त्या एकाच पेटींत राहतात.

व्हिज्युअल स्टुडिओ कोड ह्या एडिटरमध्यें काम करतांना, कामाच्या फोल्डरांत ‘डेव्हकंटेनर.जेसन’ नांवाची लहानशी फाईल ठेवितात. पेटी कशी बांधावयाची, हें तींत लिहिलेलें असतें. बोईसरच्या सहकाऱ्याच्या संगणकावर डॉकर असलें, म्हणजे तें फोल्डर उघडून त्याला तशीच पेटी बांधतां येते. एडिटरची खिडकी त्याच्या पडद्यावर दिसते, पण प्रोग्राम पेटींत चालतो. ज्युपिटरची वहीहि तेथीलच पायथन वापरते.

परंतु पेटी म्हणजे हमी नव्हे. संग्रहाचें नुसतें नांव लिहिल्यास पुढील वर्षीं पेटी पुन्हां बांधतांना नवी आवृत्ति येईल, आणि जुना घोटाळा परत उभा राहील. म्हणून नांवाबरोबर आवृत्तीचा आंकडा अवश्य लिहावा. शिवाय, पाण्याचा नमुनाच चुकीच्या जागीं घेतला असेल, तर ती चूक पेटी दुरुस्त करीत नाहीं. दोन्ही गांवीं ती जशीच्या तशी पोहोंचविते.