उन्हाचा भाव

भोपाळहून सांचीकडे मोटारीने निघालेल्या प्रवाशाला वाटेत कर्कवृत्त ओलांडावे लागते. म्हणजे सूर्यनारायण ज्या रेषेवरून दक्षिणेकडे माघारी वळतात, तिच्या उंबरठ्याशीच ही बेगमांची जुनी राजधानी वसलेली आहे, आणि सांची तर २०२३ साली सौरनगर म्हणून जाहीरही झाली. तथापि अरेरा कॉलनीतील एखाद्या गृहस्थाने गच्चीवर सौर पॅनेल बसविण्याची तजवीज केली, की तो चौकशी करतो ती पॅनेल किती वॅटचे याची. त्या वॅटांची वसुली करणारा कारकून कोण, हे विचारणे त्याच्या मनातही येत नाही.

हा कारकून इन्व्हर्टरच्या पोटात बसलेला असतो. कारागीर त्याला 'एमपीपीटी' म्हणतात. महत्तम शक्तिबिंदूचा मागोवा घेणे, हे त्याचे काम.

शक्ती म्हणजे दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार, जसा चौक बाजारातील भाजीवाल्याचा गल्ला म्हणजे भाव आणि खप यांचा. भाव शून्य ठेवला तर टोपली रिकामी होते, पण पदरात दमडी पडत नाही. अतोनात चढविला तर गिऱ्हाईक फिरकत नाही. पॅनेलची दोन टोके परस्परांस जोडली तर प्रवाह भरपूर पण दाब शून्य, मोकळी ठेवली तर दाब पूर्ण पण प्रवाह शून्य. आणि या दोन निष्फळ अवस्थांच्या दरम्यान, मोकळ्या दाबाच्या तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश या टापूत, गल्ला सर्वाधिक भरणारा बिंदू असतो. १८ व्होल्टला पूर्ण शक्ती देणारे पॅनेल १२ व्होल्टच्या बॅटरीला सरळ जोडले, तर जवळजवळ तिसरा हिस्सा बुडीत खाती जातो.

बरे, हा बिंदू स्थिर राहील तर शपथ! पॅनेलवर छापलेले वॅट २५ अंश तपमानाचे असतात. मे महिन्यात त्याचे घट ६५ अंशांपर्यंत तापले, की दर अंशामागे सुमारे ०.३ ते ०.४ टक्के या हिशेबाने १२ ते १६ टक्के शक्ती जाते, आणि ती मुख्यतः दाब उतरल्याने. ढग आले की प्रवाह आटतो.

म्हणून कारकून अखंड चाचपणी करतो: दाब किंचित वाढवावा, गल्ला पाहावा; वाढला तर त्याच दिशेने पुढे, घटला तर मागे. आषाढात मात्र ही सरळमार्गी रीत फसते, कारण ढग सरून ऊन वाढले तरी ते आपल्याच पावलाचे फळ, असा तिचा ग्रह होतो. (असे कारभारी माणसांतही आढळतात.) दुसरी रीत अधिक चिकित्सक: प्रवाह व दाब यांचे गुणोत्तर आणि त्यांतील बदलांचे गुणोत्तर ती ताडून पाहते, व दोन्ही समान पण विरुद्ध चिन्हांची झाली की शिखर आले असे समजून थांबते.

सावलीपुढे दोघीही हतबल. पॅनेलच्या एका भागावर पाण्याच्या टाकीची छाया पडली, की एकाऐवजी दोन-तीन शिखरे उभी राहतात, आणि धाकट्यालाच थोरले मानून कारकून तेथे ठाण मांडतो. काही इन्व्हर्टर मधूनमधून साऱ्या टापूची फेरतपासणी करतात. पण सावलीत हरवलेले ऊन कोणीच परत आणीत नाही.

तेव्हा वाचकहो, पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे तोंड केलेली पॅनेले एकाच कारकुनाच्या हवाली करू नका, आणि डिसेंबरातील तिसऱ्या प्रहरी टाकीची सावली कोठवर पोचते, ते पैसे मोजण्यापूर्वीच पाहून घ्या.