बेबी कॉटमधून पलंगावर: मुलाला कधी आणि कसे हलवावे?

मूल दीड-दोन वर्षांचे झाले की दवाखान्यात लसीकरणासाठी आलेले पालक जाता जाता एक प्रश्न हमखास विचारतात, "डॉक्टर, आता हिला पलंगावर झोपवायचे का?" आजीचे म्हणणे असते, "एवढी मोठी झाली, आता काय पिंजऱ्यात ठेवायची?" शेजारच्यांचे मूल वर्षाचे असल्यापासून पलंगावर झोपत असते. आणि एखाद्या रात्री मूल कठड्यावर पाय टाकून उभे दिसते, तेव्हा आई-बाबांच्या पोटात गोळा येतो.

या प्रश्नाला ठरावीक तारखेचे उत्तर नाही. मात्र निर्णय घेण्यासाठी काही स्पष्ट निकष आहेत. ते समजून घेतले तर उगाच घाई होत नाही आणि धोकादायक उशीरही होत नाही.

(या लेखात 'बेबी कॉट' म्हणजे चारही बाजूंनी कठडा असलेला लहान मुलांचा पलंग. घरातील मोठ्या माणसांच्या पलंगाला सरळ 'पलंग' म्हटले आहे.)

योग्य वय कोणते?

बहुतेक मुले दीड ते साडेतीन वर्षांच्या दरम्यान बेबी कॉट सोडतात. मूल कॉटमध्ये सुरक्षित असेल आणि नीट झोपत असेल, तर तीन वर्षांच्या आसपास थांबणे अधिक सोयीचे ठरते. त्यामागे कारण आहे. "आता झोपायचे, पलंगावरून उतरायचे नाही" हा नियम समजणे वेगळे आणि इच्छा असूनही स्वतःला थांबवणे वेगळे. दोन वर्षांच्या मुलाला शब्द कळतात, पण स्वतःला आवरण्याची मेंदूची क्षमता अजून फार कच्ची असते. तीन वर्षांपर्यंत ती थोडी वाढते. तोपर्यंत हे काम कठडा करत असतो.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील १८ ते ३६ महिन्यांच्या सुमारे दोन हजार मुलांच्या झोपेची माहिती पालकांकडून घेतली होती. पलंगावर झोपणाऱ्या मुलांपेक्षा कॉटमध्ये झोपणारी मुले लवकर झोपत होती, रात्री कमी वेळा उठत होती आणि एकूण जास्त झोपत होती. केवळ कॉटमुळेच झोप चांगली लागली, असे यावरून सिद्ध होत नाही. शिवाय त्या देशांतील झोपण्याच्या पद्धती आपल्यापेक्षा वेगळ्या आहेत. पण "पलंगावर हलवले की मूल शांत झोपेल" या आशेने घाई करू नये, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.

आता कॉट बंद करायलाच हवी, हे कसे ओळखावे?

पुढीलपैकी एक जरी खूण दिसली तरी वय कितीही असो, बदल करावा.

* मुलाची उंची ८९ सें.मी. (३५ इंच) झाली. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ही मर्यादा सांगितली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यानुसार सरासरी मूल सव्वादोन ते अडीच वर्षांच्या दरम्यान या उंचीला पोहोचते. तुमचे मूल उंच असेल तर ही वेळ आधी येईल.
* कठडा छातीपर्यंतच येतो. गादी सर्वांत खालच्या पातळीवर ठेवून मुलाला उभे करा. कठड्याची वरची कड मुलाच्या स्तनाग्रांच्या रेषेत किंवा त्याखाली असेल, तर मूल सहज बाहेर झुकू शकते. दुसरा हिशोब असा: गादीपासून कठड्याची उंची मुलाच्या उंचीच्या पाऊणपट तरी हवी. म्हणजे कठडा ६० सें.मी. असेल, तर मूल ८० सें.मी.च्या पुढे गेल्यावर तो अपुरा पडतो.
* मूल कठडा ओलांडून बाहेर आले, किंवा येता येता पकडले गेले. एकदा जमले की ते पुन्हा करणारच. कठड्यावरून डोक्यावर पडणे हे बुटक्या पलंगावरून घरंगळण्यापेक्षा जास्त धोक्याचे असते.

मूल नुकतेच चढायचा प्रयत्न करू लागले असेल, पण वय जेमतेम दीड वर्ष असेल, तर आधी गादी सर्वांत खाली घ्या. ज्यावर पाय ठेवून चढता येईल अशी उशी, मोठी खेळणी, लोड बाहेर काढा. कॉट खिडकी, टेबल आणि कपाटापासून दूर सरकवा. एवढे करूनही मूल चढत असेल, तर झोपेच्या सोयीपेक्षा सुरक्षितता महत्त्वाची. कॉट बंद करा.

पाळणा किंवा झोळी वापरत असाल तर

आपल्याकडे अनेक घरांत बेबी कॉट नसतेच. बाळ पाळण्यात किंवा साडीच्या झोळीत झोपते. त्यांची मर्यादा बरीच आधी संपते. बाळ स्वतः पालथे होऊन हातांवर अंग उचलू लागले किंवा बसू लागले, म्हणजे साधारण पाच-सहा महिन्यांत, पाळणा थांबवावा. त्यानंतर बाळाच्या हालचालीने पाळणा कलंडू शकतो.

झोळीबाबत विशेष काळजी घ्या. चालते-फिरते मूल झोळीत खेळताना गोल फिरले, तर कापडाला पीळ बसून गळ्याला फास लागू शकतो. भारतात अशा दुर्घटनांची नोंद झालेली आहे. धाकट्या बाळाची झोळी घरात टांगलेली असेल, तर वापर नसताना ती काढून किंवा उंच बांधून ठेवा, म्हणजे मोठे भावंड त्यात शिरणार नाही.

कधी घाई करू नये?

*दुसरे बाळ येणार असेल तर.* "धाकट्यासाठी कॉट हवी" हे बदलाचे सर्वांत नेहमीचे कारण. मोठ्याला हलवायचेच असेल, तर प्रसूतीच्या निदान सहा-आठ आठवडे आधी हलवा. नाहीतर बाळ घरी आल्यावर काही महिने थांबा. नवे बाळ आले त्याच आठवड्यात आपली जागा गेली, असे मोठ्याला वाटता कामा नये. नवजात बाळ सुरुवातीचे महिने तुमच्याच खोलीत वेगळ्या, सपाट जागेवर झोपू शकते, त्यामुळे कॉट लगेच रिकामी करण्याची गरज नसते.

*इतर बदल चालू असतील तर.* शी-शूची सवय लावणे, अंगावरचे दूध सोडवणे, प्लेग्रुप सुरू होणे, घर बदलणे, आजारपण: यातला एक बदल नीट बसू द्या, मग दुसरा हाती घ्या.

*मूल झोपत नाही म्हणून.* झोपेची वेळ रोज बदलत असेल, दुपारची झोप संध्याकाळपर्यंत लांबत असेल किंवा झोपताना मोबाईल हातात असेल, तर पलंग बदलून फरक पडणार नाही. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाच्या झोपेसह ११ ते १४ तास आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते. आधी हे वेळापत्रक तपासा.

नवी जागा कशी असावी?

महागडा, गाडीच्या आकाराचा पलंग घेण्याची गरज नाही. जमिनीपासून कमी उंची आणि घट्ट गादी एवढे पुरते. अनेक घरांत खाली अंथरलेली गादी हा सर्वांत सोपा पर्याय असतो, कारण तिथून पडण्याची भीतीच राहत नाही.

याला एक अपवाद आहे. गावात, शेताजवळ किंवा कच्च्या घरात राहत असाल, तर मुलाला जमिनीवर झोपवू नका. मण्यार हा विषारी साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसांना चावतो. दंश फारसा दुखत नाही, त्यामुळे मूल जागेही होत नाही. पावसाळ्यात हा धोका वाढतो. अशा ठिकाणी कमी उंचीचा पलंग आणि गादीखाली चारही बाजूंनी नीट खोचलेली मच्छरदाणी वापरा.

मोठ्या पलंगावर झोपवणार असाल तर:

* पलंग आणि भिंत यांच्यात फट ठेवू नका. मूल त्यात घसरून अडकू शकते. पलंग भिंतीला घट्ट लावा, किंवा एवढा दूर ठेवा की मूल अडकणार नाही.
* पलंगाला लावायचा सुटा कठडा (बेड रेल) दोन वर्षांखालील मुलांसाठी वापरू नका. गादी आणि रेल यांच्या फटीत लहान मूल अडकून गुदमरण्याचा धोका असतो. दोन वर्षांनंतर वापरताना तो गादीला घट्ट चिकटून बसला आहे ना, ते रोज पाहा.
* उशांची भिंत उभारून भागत नाही. झोपेत लोळणारे मूल ती सहज ओलांडते. त्यापेक्षा पलंगाच्या कडेला जमिनीवर जाड सतरंजी किंवा जुनी गादी अंथरा.
* दुमजली पलंगाचा वरचा मजला सहा वर्षांखालील मुलांसाठी नाही.

आता पूर्ण खोली हीच कॉट

या बदलातला सर्वांत दुर्लक्षित भाग हाच. आजवर तुम्ही झोपलेले असताना मूल एका चौकटीत होते. आता ते रात्री दोन वाजता, अंधारात, कोणालाही न कळता खोलीभर फिरू शकते. म्हणून पहिल्या रात्रीच्या आधी गुडघ्यांवर बसा आणि मुलाच्या उंचीवरून खोली पाहा.

* खिडकी आणि गॅलरी: खिडकीला ग्रिल हवेच. डास अडवणारी जाळी मुलाचे वजन पेलत नाही. पलंग, खुर्ची, टेबल खिडकीखाली ठेवू नका. गॅलरीच्या दाराला वर कडी लावा.
* कपाट आणि टीव्ही: ड्रॉवर उघडून त्यावर चढले की कपाट अंगावर येऊ शकते. उंच फर्निचर भिंतीला पक्के करा.
* डास पळवण्याचे मशीन: त्यातले द्रव पोटात गेल्यास विषबाधा होते. खालच्या प्लग पॉइंटला ते लावू नका. पेटती कॉइल मुलाच्या खोलीत नको.
* वायरी आणि दोऱ्या: टेबल फॅन, चार्जर, पडद्याच्या दोऱ्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा.
* बाथरूम आणि स्वयंपाकघर: पाण्याने भरलेली बादली लहान मुलाला बुडण्यास पुरेशी असते. रात्री बादल्या रिकाम्या करा आणि बाथरूमचे दार बाहेरून बंद ठेवा. फिनाईल, औषधे कुलपात ठेवा.
* मुख्य दार आणि जिना: वरची कडी लावा. जिन्याला फाटक बसवा.

मुलाला खोलीत बाहेरून कडी लावून कोंडू नका. आग लागली किंवा मूल घाबरले तर ते बाहेर येऊ शकत नाही.

सवय कशी लावावी?

मुलाला आधी सांगा. चादर निवडू द्या, त्याचे नेहमीचे पांघरूण आणि आवडते मऊ खेळणे तसेच ठेवा. शक्य असेल तर नवा पलंग कॉटच्याच जागी ठेवा. सुरुवात दुपारच्या झोपेने करता येते. पण रात्री झोपण्याचा क्रम बदलू नका: जेवण, दात घासणे, शू, गोष्ट, दिवा बंद. जागा नवी असली तरी क्रम जुना असला की मुलाला धीर येतो.

मूल उठून बाहेर येईलच, विशेषतः पहिले दोन आठवडे. त्या वेळी रागावू नका आणि लाडही करू नका. हात धरून परत न्या, "आता झोपायची वेळ" एवढे एकच वाक्य बोला, पांघरूण घाला आणि निघा. दहा वेळा आले तर दहाही वेळा तेच. एखाद्या रात्री टीव्ही लावून दिला, तर पुढच्या रात्री ते त्याच आशेने येईल. घरातील सर्वांनी, आजी-आजोबांनीही, एकच पद्धत पाळायला हवी.

दोन-तीन आठवड्यांनंतरही घरात कोणाचीच झोप होत नसेल आणि मूल अजून कठडा ओलांडत नसेल, त्याची उंचीही मर्यादेत असेल, तर पुन्हा कॉटकडे जाण्यात कमीपणा नाही. तसे करताना "शहाण्यासारखा झोपला नाहीस म्हणून" असे मात्र म्हणू नका. कॉट ही शिक्षा वाटता कामा नये.

मूल आमच्याजवळच झोपते, ते चुकीचे आहे का?

नाही. आपल्याकडे बहुतेक मुले अनेक वर्षे आई-वडिलांजवळ किंवा आजीजवळ झोपतात. एक वर्षापर्यंत बाळाला त्याच खोलीत पण वेगळ्या जागेवर झोपवणे सुरक्षित असते. त्यानंतर एकत्र झोपणे हा कुटुंबाचा निर्णय आहे. फट, पलंगाची उंची आणि खिडकी यांबाबतचे वरील नियम मात्र तेव्हाही लागू होतात. मद्य किंवा झोपेची औषधे घेतलेल्या व्यक्तीशेजारी मुलाला झोपवू नये.

मूल पलंगावरून पडले तर?

बहुतेक वेळा थोडे रडून मूल शांत होते आणि टेंगळापलीकडे काही होत नाही. टेंगळावर थंड पट्टी ठेवा आणि पुढचे २४ तास लक्ष ठेवा. खालीलपैकी काहीही दिसल्यास लगेच रुग्णालयात न्या किंवा १०८ वर रुग्णवाहिका बोलवा:

* क्षणभरही शुद्ध हरपणे किंवा झटका येणे
* वारंवार उलट्या
* नेहमीपेक्षा वेगळी गुंगी, जागे करणे कठीण जाणे किंवा न थांबणारे रडणे
* नाकातून किंवा कानातून रक्त अथवा पाण्यासारखा स्राव
* हात-पाय नीट न हलवणे, तोल जाणे
* मूल दोन वर्षांखालील असून डोक्याच्या मागे किंवा बाजूला मऊ सूज येणे, किंवा ते तीन फुटांपेक्षा जास्त उंचीवरून पडलेले असणे

मूल रोज रात्री मोठ्याने घोरत असेल, झोपेत श्वास थांबल्यासारखा वाटत असेल किंवा महिनाभर प्रयत्न करूनही झोपेची घडी बसत नसेल, तर तुमच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

थोडक्यात लक्षात ठेवा

उंची ८९ सें.मी. झाली, कठडा छातीपर्यंत आला किंवा मूल त्यावर चढून बाहेर येऊ लागले, तर कॉट बंद करा. यातले काहीच नसेल, तर तीन वर्षांपर्यंत निवांत थांबा. आणि पलंग आणण्याआधी खोली सुरक्षित करा.