हाकान शुकुर : अकरा सेकंदांचा विक्रमवीर

हाकान शुकुर हा तुर्कस्तानच्या राष्ट्रीय संघासाठी सर्वाधिक गोल करणारा फुटबॉलपटू. त्याने 112 सामन्यांत 51 गोल केले. त्याचा जन्म 1971 साली साकार्या प्रांतात, अल्बेनियन वंशाच्या कुटुंबात झाला. साकार्यास्पोर आणि बुर्सास्पोर या क्लबांकडून खेळून 1992 मध्ये तो इस्तंबूलच्या गालातासरायमध्ये आला आणि तिथेच मोठा झाला. सहा फुटांहून अधिक उंची आणि हवेतला चेंडू डोक्याने अचूक मारण्याची हातोटी हे त्याचे भांडवल. चाहते त्याला ‘राजा’ म्हणत. 1996-97 च्या हंगामात त्याने लीगमध्ये 38 गोल केले.

परदेशात मात्र त्याचा जम कधीच बसला नाही. 1995 मध्ये इटलीतील तोरिनोकडे गेला तो जेमतेम पाच सामने खेळून परतला. पुढे इंटर मिलान आणि पार्मा झाले. इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्नकडे गेल्यावर पायाचे हाड मोडले. दर वेळी परतायची जागा एकच होती, गालातासराय.

2000 हे साल त्याच्या कारकिर्दीचे शिखर. फातिह तेरिम यांच्या मार्गदर्शनाखाली गालातासरायने कोपनहेगनमध्ये आर्सेनलला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून यूएफा चषक जिंकला. युरोपीय चषक जिंकणारा हा पहिला तुर्की क्लब. उपांत्य फेरीत लीड्सविरुद्धच्या दोन्ही सामन्यांत शुकुरने गोल केला होता. साधारण महिनाभराने युरो स्पर्धेत यजमान बेल्जियमशी गाठ पडली. उंच आलेला चेंडू झेलायला गोलरक्षक पुढे धावला, पण हातांचा उपयोग करता येणाऱ्या त्या गोलरक्षकाच्याही वर उडी घेऊन शुकुरने डोक्याने गोल केला! तुर्कस्तान 2-0 ने जिंकला आणि प्रथमच या स्पर्धेच्या उपउपांत्य फेरीत पोहोचला.

2002 च्या विश्वचषकात मात्र गोल त्याच्यावर रुसले होते. 29 जून रोजी देगूमध्ये तिसऱ्या स्थानासाठी दक्षिण कोरियाशी लढत होती. सामना कोरियाने सुरू केला, चेंडू मागे बचावपटूकडे गेला, शुकुरचा सहकारी इल्हान मान्सिझ त्याच्या अंगावर धावला आणि निसटलेला चेंडू शुकुरने थेट जाळ्यात धाडला. तेव्हा सामना सुरू होऊन अकरा सेकंदही झाले नव्हते. विश्वचषकातला हा सर्वांत वेगवान गोल. तुर्कस्तानने सामना 3-2 ने जिंकला.

2008 मध्ये लीगचे आणखी एक विजेतेपद मिळवून तो निवृत्त झाला आणि 2011 मध्ये सत्ताधारी एकेपी पक्षाचा खासदार झाला. पण त्याची निष्ठा धर्मगुरू फेतुल्लाह गुलेन यांच्याशीही होती. 1995 मध्ये त्याचे लग्न लावले ते इस्तंबूलचे तत्कालीन महापौर एर्दोआन यांनी, आणि त्या लग्नाला गुलेनही हजर होते. पुढे एर्दोआन आणि गुलेन यांच्यात वैर आले. एर्दोआन यांच्या सरकारने गुलेन समर्थकांचे खासगी क्लासेस बंद करण्याचे ठरवताच शुकुरने डिसेंबर 2013 मध्ये पक्ष सोडला. 2015 मध्ये तो अमेरिकेला गेला. 2016 च्या फसलेल्या लष्करी उठावानंतर त्याच्यावर अटक वॉरंट निघाले आणि मालमत्ता जप्त झाली. आरोप त्याने नाकारले. उबर चालवून आणि पुस्तके विकून आपण पोट भरतो, असे त्याने 2020 मध्ये एका जर्मन वृत्तपत्राला सांगितले.

2022 च्या विश्वचषकात मोरोक्को-कॅनडा सामन्याचे वर्णन करताना तुर्की सरकारी वाहिनीच्या समालोचकाने सर्वांत वेगवान गोलचा विषय निघाल्यावर शुकुरचे नाव घेतले. मध्यंतरानंतर त्याच्या जागी दुसरा समालोचक बोलत होता.