श्रीरामपूरच्या जहीर खान यांचा दुसरा डाव

आमच्या यवतमाळात उन्हाळा लागला की मोकळ्या मैदानांवर टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. अशाच एका उन्हाळ्यात दहावीतल्या एका मुलाचे वडील आमच्याकडे आले. पंक्चरचे दुकान, हातावरचे पोट. म्हणाले, “सर, पोरगा म्हणतो अकरावीत नाव घालायचं नाही, क्रिकेटच खेळणार. तुम्हीच समजवा.” मुलगा डावखुरा गोलंदाज. तो लगेच बोलला, “जहीर खाननेही शिक्षण सोडलं होतं ना, सर?”

अर्धी गोष्ट खरी होती. उरलेली अर्धी आम्ही त्याला सांगितली, तीच इथे लिहीत आहोत.

जहीर खान यांचा जन्म ७ ऑक्टोबर १९७८ रोजी श्रीरामपूरचा. वडील फोटोग्राफर, आई शिक्षिका. इंजिनिअरिंगची वाट सोडून सतराव्या वर्षी ते मुंबईला गेले, पण घरातून पळून नव्हे. वडील स्वतः सोबत होते. तिथे नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये सुधीर नाईक यांचे मार्गदर्शन, मग चेन्नईचे एमआरएफ पेस फाउंडेशन, मग बडोद्याकडून रणजी. २००० साली ते भारताकडून खेळले.

२००३ च्या डिसेंबरात ब्रिस्बेनला एका डावात पाच बळी घेतले आणि त्याच सामन्यात मांडीचा स्नायू दुखावला. पुढची दोन-अडीच वर्षे दुखापती आणि संघातून आत-बाहेर यांतच गेली. आमच्या मते त्यांच्या आयुष्यातला पाहण्यासारखा काळ हाच. २००५ साली, वय जेमतेम सत्तावीस असताना, त्यांनी पुण्यात रेस्टॉरंट काढले. खेळून झाल्यावर बघू, असे म्हटले नाही. पुढे त्याला ‘टॉस’ नावाच्या लाउंजची जोड मिळाली.

मात्र हॉटेल काढले म्हणून चेंडू खाली ठेवला नाही. २००६ मध्ये इंग्लंडला वूस्टरशायरकडून खेळून त्यांनी ७८ बळी घेतले. रन-अप आखूड केला, शरीराला झेपेल तेवढेच धावायचे ठरवले. २०११ च्या विश्वचषकात २१ बळी मिळाले ते या बदललेल्या गोलंदाजीवर. कसोटीत ३११ बळी झाले.

दुसरा धंदा तर दुखण्यातूनच निघाला म्हणायला हरकत नाही. भारतीय संघाचे माजी ट्रेनर एड्रियन ल रू आणि माजी फिजिओ अँड्र्यू लायपस यांना सोबत घेऊन त्यांनी ‘प्रोस्पोर्ट फिटनेस’ सुरू केले. ज्या विषयाने वर्षानुवर्षे छळले, त्यातल्या जाणत्या माणसांनाच भागीदार केले. आपल्याकडे मेहुणा म्हणतो म्हणून मोबाइलचे दुकान टाकणारे कमी नाहीत!

घरच्या गोष्टींचा त्यांनी कधी बाजार मांडला नाही. २०१५ मध्ये निवृत्ती घेतली. २०१७ च्या नोव्हेंबरात कागलच्या घाटगे घराण्यातील अभिनेत्री सागरिका यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह झाला. २०२५ मध्ये मुलगा झाला. एक सवय मात्र सगळ्यांनी पाहिली आहे: स्वतःचे षटक संपले की मिड-ऑफला उभे राहायचे आणि नवख्या गोलंदाजाला चेंडूगणिक काहीतरी सांगत राहायचे. निवृत्तीनंतर मुंबई इंडियन्स आणि लखनौच्या संघांत त्यांना काम मिळाले, त्यात या सवयीचा वाटा असणारच. आईचा पेशा मुलात उतरला, असे आम्हा शिक्षकांना वाटले तर चुकले काय?

वडिलांना आम्ही एवढेच म्हटले, “मैदान बंद करू नका, पण नाव घाला.”

मुलगा आता अकरावीला आहे. पहाटे धावतो, संध्याकाळी दुकानात बसतो, हिशेबाची वही त्याच्याकडेच असते. परवा खांदा दुखतो म्हणून आला होता. आठ दिवस गोलंदाजी बंद ठेव आणि डॉक्टरांना दाखव, असे बजावले. रविवारी मैदानाच्या कडेला तो दिसला, तेव्हा हात झोळीत होता आणि धाकट्या भावाला चेंडूची शिवण कशी धरायची ते दाखवत होता.