कालचा भात, आजची न्याहारी

अमेरिकेतल्या मराठी घरात रविवारी सकाळी मोहरी तडतडली, की समजायचं: रात्रीचा भात किंवा पोळ्या उरल्यात! भाताला फोडणी दिली की फोडणीचा भात. पोळ्या कुस्करून कांद्यावर परतल्या की फोडणीची पोळी. काही घरी तिलाच कुस्करा म्हणतात. खवय्यांच्या घरी तर रात्री वाटीभर तांदूळ मुद्दामच जास्त लावतात.

ताज्या भाताला फोडणी का देत नाहीत? तो मऊ आणि ओलसर असतो, कढईत त्याचा गोळा होतो. गार झाल्यावर भातातला स्टार्च घट्ट होतो आणि शितं मोकळी होतात.

पण भात रात्रभर ओट्यावर ठेवायचा नाही हं! तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवूनही मरत नाहीत. भात बाहेर राहिला, तर जिवाणू वाढून विष तयार करू शकतात, आणि ते विष सकाळच्या फोडणीनंही जात नाही. म्हणून अमेरिकेचं कृषी खातं सांगतं, की शिजवलेलं अन्न २ तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. पसरट डब्यात भात लवकर गार होतो.

फ्रीजमधलं उरलंसुरलं ३-४ दिवस चालतं. फोडणीचा भात मात्र दुसऱ्याच दिवशी करावा, वर ओलं खोबरं, कोथिंबीर आणि शेजारी दही.