फुलदाणीसाठी एक वाफा

आपल्याकडे अंगणातलं फूल खुडलं जातं ते देवासाठी. त्याला देठ नसला तरी चालतं, म्हणून जास्वंदीच्या किंवा तगरीच्या दांड्याकडे कुणी बघत नाही. फुलदाणीचं गणित मात्र दांड्यापासूनच सुरू होतं. तो लांब हवा, सरळ हवा आणि कापताना हात अडखळायला नको. त्यासाठी शोभेच्या बागेला कात्री लावण्यापेक्षा वेगळा वाफाच करावा. सहा तास ऊन येणारी चार बाय आठ फुटांची जागा पुरते.

पुणे-नाशिककडे अशा वाफ्यातल्या हिवाळी हंगामी फुलांचा बहर जानेवारीपासून होळीपर्यंत टिकतो, म्हणजे बी दसऱ्याच्या आसपास पेरलेलं हवं. ट्यूलिपच्या कंदांना कित्येक आठवडे कडक थंडी लागते. त्यांचा हट्ट इथे सोडावा.

स्नॅपड्रॅगन मला सगळ्यात मोलाचं वाटतं. त्याचं बी धुळीसारखं बारीक असतं आणि उगवायला त्याला उजेड लागतो, त्यामुळे ते मातीखाली झाकायचं नाही. ओल्या कोकोपीटवर नुसतं भुरभुरायचं आणि पाणी ट्रेच्या तळातून द्यायचं. रोपाला पानांच्या चार जोड्या आल्या की शेंडा खुडावा. जिवावर येतं, पण एका दांड्याच्या जागी चार-पाच मिळतात. रोपं वीतभर अंतरावर लावली की उजेडासाठी वर चढतात आणि दांडे लांब होतात.

हंगामी रोपाची सगळी धडपड बी धरण्यासाठी असते. बी धरलं की फुलणं मंदावतं. फूल कापलं की रोप पुन्हा कळ्या काढतं. स्वीट पीच्या वेलावर हे स्पष्ट दिसतं. चार शेंगा राहू दिल्या की वेल आटोपतं घेतो, एक दिवसाआड कापत राहिलं तर फुलतच राहतो. या शेंगा मटारासारख्या दिसतात, पण विषारी असतात. घरात लहान मुलं असतील तर सांभाळावं.

अॅस्टरचं वेगळं आहे. एकदा भरभरून फुललं की ते संपतं, म्हणून बी पंधरा-पंधरा दिवसांनी थोडं थोडं टाकावं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे ‘फुले गणेश’ मालिकेतले वाण पांढऱ्या, गुलाबी, जांभळ्या रंगांत आहेत. बी ताजंच घ्यावं आणि मर रोग टाळायला दरवर्षी जागा बदलावी.

कापायचं ते सकाळी लवकर, पाण्याची बादली सोबत घेऊनच. अॅस्टर पूर्ण उमललेलं कापावं, स्नॅपड्रॅगनची खालची एक तृतीयांश फुलं उघडल्यावर. पाण्यात बुडणारी पानं काढून टाकावीत, नाहीतर पाणी नासतं. आणि फुलदाणी केळ्यांच्या टोपलीशेजारी ठेवू नये. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने स्नॅपड्रॅगनची फुलं पटापट गळतात.

ग्लॅडिओलस तर खालच्या एक-दोन कळ्यांनी रंग दाखवताच कापावा. बाकीच्या घरात उमलतात. कापताना बुडाशी चार पानं राखावीत, कारण पुढच्या हंगामाचा कंद त्यांच्यावरच पोसला जातो. पानं पिवळी पडल्यावर खणून पाहा. सुकलेल्या जुन्या कंदावर नवा कंद बसलेला असतो आणि त्याच्या तळाशी ज्वारीच्या दाण्याएवढी पिल्लं लगडलेली असतात. नवा कंद सावलीत वाळवून ऑक्टोबरमध्ये लावावा. पिल्लंही जपून ठेवावीत, फक्त त्यांना फुलायला दोन-तीन हंगाम लागतात.